हवेला बांध नसतो: वायफायची चाचणी करायची हौस असेल तर

मी सांगलीत एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत काम करते. दरवर्षी नवी तुकडी आली की दिवाळीच्या आत कुणीतरी एक जण बाकीचे गेल्यावर मागे रेंगाळतो आणि विचारतो, "मॅडम, शेजारच्यांचं वायफाय खरंच फोडता येतं का?" पूर्वी मी "असले उद्योग करू नका" एवढंच सांगायचे. त्यानं काही होत नाही. मुलगा घरी जातो, व्हिडिओ बघतो, वायफायचे संदेश पाठवणारा काहीशे रुपयांचा एक छोटा बोर्ड मागवतो आणि गच्चीवर बसून चालू करतो. आता मी त्याला स्टूल देते आणि तासभर बोलते. तेच इथे लिहिते आहे. हौस चांगली आहे. ती कुठे पुरवायची आणि कुठे थांबायचं, हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात कॉलेज बंद होतं. मी घरी एका जुन्या राउटरवर डीऑथचा प्रयोग करत होते. डीऑथ म्हणजे फोन आणि राउटर यांची जोडणी तोडणारा एक छोटासा संदेश. जुन्या पद्धतीच्या वायफायमध्ये या संदेशावर कुणाची सही नसते, त्यामुळे तो राउटरच्या नावानं दुसराच कुणी पाठवू शकतो. मला माझ्या राउटरपासून माझाच फोन तोडून पाहायचा होता. बोर्डानं आसपासच्या नेटवर्कांची यादी दाखवली. माझ्या जुन्या राउटरचं नाव कंपनीनं दिलेलं तसंच होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या राउटरचंही. शेवटचे चार अंक सोडले तर दोन्ही सारखी. मी यादी पुन्हा ताजी केली, नावांचा क्रम बदलला, आणि खूण खालच्या घरावर गेली. माझा फोन काही तुटेना. मला वाटलं, प्रयोग जमत नाहीये. म्हणून मी तो चालूच ठेवला. दहा-बारा मिनिटं.

खाली वहिनींच्या मुलीचा ऑनलाइन पेपर चालू होता.

संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, तीन वेळा लॉगिन गेलं, पोरगी रडत होती, नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे. मी घरी आले, लॅपटॉपमधल्या नोंदी उघडल्या आणि वेळ जुळवून पाहिली. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंच नसतं. पण तिचा पेपर तर गेला ना हो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉलेजला द्यायला सगळं घडलं तसं लिहून सही करून दिलं, त्यावर तिला पुन्हा संधी मिळाली. पण त्या बारा मिनिटांत तिला जे वाटलं असेल ते मला परत घेता आलेलं नाही.

आमच्याकडे शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. नांगरताना कुणी वीतभर बांध कोरला तरी दिसतो, मोजणी बोलावता येते, दगड रोवता येतो. हवेला बांध नाही. माझ्या खोलीतून निघालेला सिग्नल खालच्या घरात, समोरच्या दुकानात, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात पोचतो, आणि तिथल्या माणसाला काय झालं हे दिसतही नाही. या कामात फक्त "राउटर माझा आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. माझा सिग्नल आणखी कुणाच्या घरात जातो, हेही तितकंच विचारावं लागतं.

ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं

माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी आपापसांत रेडिओवरून बोलण्याचा, परवाना आहे. तिथे पहिली शिकवण असते: आधी ऐक, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का विचार, मगच बटण दाब. वायफायच्या हौशी लोकांना ही शिकवण कुणी देत नाही, आणि निम्मी नुकसानं तिथूनच होतात.

प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव, चॅनल आणि सुरक्षेचा प्रकार हवेत ओरडून सांगत असतो. ते तुमचा फोनही ऐकतो, म्हणून तर वायफायची यादी दिसते. हे ऐकण्यात कुणाचं काही जात नाही. शेजारच्या नेटवर्कपुढे कुलूप नाही किंवा 'वेप' लिहिलंय, एवढं यादीतच कळतं. वेप (WEP) म्हणजे वायफायचं सगळ्यात पहिलं कुलूप, १९९७ मधलं. २००१ मध्येच त्याचं कुलूप कसं उघडतं हे संशोधकांनी दाखवून दिलं होतं. असं काही दिसलं तर दार वाजवून सांगा की तुमच्या वायफायची सेटिंग जुनी आहे, नेटवाल्याला बदलून द्यायला सांगा. ते खरंच उघडतं का हे 'बघून' मग सांगायला जाऊ नका. बघणं म्हणजेच आत शिरणं.

दुसरी पायरी म्हणजे हवेतली पाकिटं, म्हणजे फोन आणि राउटर एकमेकांना पाठवतात ते माहितीचे तुकडे, साठवणं. इथे लोक म्हणतात, मी तर काही पाठवत नाही, नुसतं ऐकतो, मग काय चूक? गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी २००७ ते २०१० या काळात रस्त्यावरून जाताना कुलूप नसलेल्या वायफायमधला मजकूरही साठवला होता, त्यात लोकांचे ईमेल होते, पासवर्ड होते. अमेरिकेत कंपनीचं म्हणणं होतं की हे तर सगळ्यांना खुलंच होतं. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ते मान्य केलं नाही, आणि त्याच वर्षी ३८ राज्यांशी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. शेजारच्यांची खिडकी उघडी असली तरी आपण तिच्याखाली वही घेऊन बसत नाही. म्हणून साठवायला सुरुवात करण्याआधीच गाळणी लावा: फक्त तुमच्या राउटरचा पत्ता (मॅक अॅड्रेस, यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक), फक्त तुमचं चॅनल. आधी सगळं साठवून मग नको ते काढू म्हटलं तर ते निघत नाही. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एक फाइल होती, तिच्यात आमच्या बिल्डिंगमधले फोन पूर्वी जोडलेल्या नेटवर्कांची नावं घेत होते. एका नावात कर्करोगाच्या रुग्णालयाचं नाव होतं. ते घर कोणतं हे मी शोधलं नाही, फाइल पुसली. पण मला ते नाव वाचायचं काही कारणच नव्हतं. हल्लीचे फोन अशी नावं कमी घेतात आणि स्वतःचा पत्ताही बदलत राहतात, पण जुने फोन अजून घराघरांत आहेत.

तिसरी पायरी पाठवणं. इथे मी फार कडक आहे. चूक झाली की दुसऱ्याचं काम लगेच थांबतं. घरात मोबाइलची रेंज नसलेले कितीतरी लोक आता वायफायवरूनच फोन करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या एका घरात इन्व्हर्टरवर चाललेल्या राउटरवरून वीस-पंचवीस माणसं घरच्यांना "सुखरूप आहोत" कळवत होती. कुणाचं वायफाय त्या क्षणी कशासाठी चालू आहे हे बाहेरून कधीच कळत नाही.

आपली जागा तयार करा

घरात लागलेला राउटर आपलाच असतो असं नाही. फायबरचा डबा बहुतेक ठिकाणी नेट कंपनीचा असतो, कनेक्शन बंद केलं की परत न्यायला माणूस येतो. त्याच्यावर प्रयोग करू नका. जुना राउटर घ्या. रद्दीवाल्याकडे, दुरुस्तीच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सोबतचा अ‍ॅडाप्टर किती व्होल्टचा आहे ते राउटरखालच्या चिठ्ठीशी जुळवा, ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून मुलांनी माझ्यासमोर दोन घालवले आहेत. मागच्या बारीक भोकात पिन दाबून तो मूळ स्थितीत आणा. त्याला इंटरनेटची वायर लावू नका. मग त्याच्यावर काहीही बिघडलं तरी ते तुमच्या टेबलावरच राहतं.

नाव पहिल्याच मिनिटाला बदला. कंपनीनं दिलेलं नाव ठेवलं की काय होतं ते वर सांगितलंय. मी नावात माझ्या फ्लॅटचा क्रमांक आणि 'चाचणी' असं लिहिते, आणि राउटरचा बारा अक्षरी पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवते. कोणतीही आज्ञा देण्याआधी पडद्यावरचा पत्ता आणि कागदावरचा पत्ता बोट ठेवून वाचते. पत्ताच वाचते, नाव नाही. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो.

सोबत दोन जुने फोन, सिम काढलेले. लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली), पेन ड्राइव्हवरून चालणारं असलं तरी पुरतं. सगळे वायफाय कार्ड नुसतं ऐकण्याच्या स्थितीत जात नाहीत, म्हणून त्यासाठी चालणारा यूएसबी अ‍ॅडाप्टर लागतो. घेताना आतली चिप कोणती ते विचारून घ्या, कारण त्याच नावाच्या अ‍ॅडाप्टरमध्ये कंपन्या मधेच चिप बदलतात.

राउटरची ताकद कमी करा. बहुतेक राउटर २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॉटवर असतात. एका खोलीतल्या प्रयोगाला ५ डीबीएम, म्हणजे जेमतेम ३ मिलीवॉट, भरपूर झाले. मुलं पत्र्याच्या डब्यात राउटर ठेवून म्हणतात आता सिग्नल बाहेर जाणार नाही. कमी होतो, थांबत नाही. झाकणाच्या फटीतून आणि वायर जिथून आत जाते तिथून निघतोच. डबा झाकून फोन घेऊन जिन्यात उतरा आणि यादीत नाव दिसतंय का ते स्वतः बघा.

याच्या उलट ताकद वाढवण्यासाठी लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये देश बदलून ठेवायची एक युक्ती सगळे एकमेकांना सांगतात, कारण ताकदीची मर्यादा देशागणिक वेगळी असते. ती करू नका. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनं परवान्याशिवाय वापरता येतात, पण ताकदीची मर्यादा पाळून. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनलवर रडारही असतात. म्हणून तिथे राउटरला बोलण्याआधी मिनिटभर रडार आहे का हे ऐकावं लागतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचा सी-बँड, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, रडार आहे, तो पाऊस बघतो. देश बदलून हे ऐकणं बंद केलं की तुमच्या खोलीतला राउटर अशा रडारच्या कानात ओरडू शकतो.

आणि एक रस्ता असा आहे की ज्यात हवेत काहीच जात नाही. लिनक्समध्ये 'मॅक८०२११ एचडब्ल्यूसिम' नावाचं मॉड्यूल आहे. ते चालू केलं की संगणकाच्या आत दोन-तीन खोटी वायफाय कार्डं तयार होतात: एकावर राउटर चालवा, दुसऱ्यावर फोन, तिसऱ्यावर ऐका. जोडणी, पासवर्डची तपासणी, जोडणी तोडणं, सगळं खऱ्यासारखं होतं आणि अँटेनातून काही निघत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलाला पहिले पंधरा दिवस मी यापलीकडे जाऊ देत नाही. बहुतेकांचं कुतूहल इथेच पूर्ण भागतं.

पासवर्डची परीक्षा, कुणालाही न तोडता

आता मुलांना हवं असतं ते. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वेपनंतर आलेल्या कुलपात, फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती मिळाली की पासवर्ड अंदाजानं ओळखता येतो का, हे घरबसल्या तपासता येतं. सगळे व्हिडिओ सांगतात: डीऑथ पाठवा, फोन तुटेल, पुन्हा जोडला जाईल, तेव्हा संदेश पकडा. पण तुमच्या स्वतःच्या फोनसाठी याची काय गरज? फोन हातात आहे. वायफाय बंद करा, चालू करा. तेच चार संदेश मिळतात. ही एक गोष्ट २०२१ मध्ये माझ्या डोक्यात आली असती तर खालच्या मुलीचा पेपर नीट झाला असता.

डीऑथचा भडिमार बरोबर पत्त्यावर केला तरी निरुपद्रवी नसतो. असे संदेश बहुतेक वेळा सगळ्यात हळू वेगानं जातात, त्यामुळे ते चॅनल अडवून धरतात आणि त्या चॅनलवरचं सगळ्यांचं नेट मंदावतं. त्याचा अभ्यास करायचाच असेल तर वरच्या खोट्या कार्डांवर करा. आणि त्याचा उपाय शिका: या संदेशांवर सही असण्याची सोय २००९ मध्ये आली, २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ती सक्तीची आहे. तुमचा राउटर आणि फोन ती पाळत असतील तर चालू करून ठेवा.

पासवर्डाकडे येऊ. तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो. राउटर त्यात नेटवर्कचं नाव मिसळून ४,०९६ वेळा घुसळतो, म्हणून प्रत्येक अंदाजाला वेळ लागतो. तरी चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज करतं. आपल्याकडे घरोघरी पासवर्ड असतो तो मोबाइल नंबर. दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. दहा लाखांनी भागा: ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. जन्मतारीख तर शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजारच, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे गणित मी मुलांना फळ्यावर करायला लावते आणि मग घरी जाऊन आईबाबांसमोर करायला सांगते. दुसऱ्या दिवशी पाच-सहा घरांचे पासवर्ड बदललेले असतात. घरातल्या चार असंबद्ध वस्तूंची नावं रोमन अक्षरांत जोडून लिहा. आजीला सांगता येईल, कार्डाला ओळखता येणार नाही.

पकडलेली फाइल पासवर्ड शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवू नका. तुमच्या घराच्या कुलपाचा ठसा तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात देता.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन टाकून जोडायची सोय) दिसलं तर बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण शेवटचा आकडा तपासणीचा, आणि राउटर पहिले चार व नंतरचे तीन आकडे वेगवेगळे बरोबर-चूक सांगतो. त्यामुळे कोट्यवधीऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ च्या डिसेंबरात हे जाहीर झालं, आणि मी आजही तो चालू असलेले राउटर बघते.

दुसऱ्याचं वायफाय: कागदाशिवाय नाही

मामाच्या दुकानाचं, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं वायफाय तपासून देतो म्हणणारे पुष्कळ असतात. हेतू चांगला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचं कलम ४३ हेतू विचारत नाही. मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरलात, काम बंद पाडलंत, तर भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दूरसंचार कायदा, २०२३, याच्या कलम ४२ खाली दूरसंचार जाळ्यात अनधिकृत शिरणं किंवा बेकायदा संदेश पकडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दूरसंचार अडवणारं यंत्र परवानगीशिवाय नुसतं बाळगणंही त्याच कलमात येतं. जॅमर म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका, 'शैक्षणिक वापरासाठी' लिहिलेलं असलं तरी. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट डीऑथ पाठवून तोडले जात होते. जागा हॉटेलची होती, तरी २०१४ मध्ये मॅरियट कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले.

माझ्याकडे परवानगीचा एक साधा कागद आहे. मजकूर असा:

"मी, (नाव), या दुकानाचा मालक, माझ्या मालकीच्या (राउटरचं मॉडेल, बारा अक्षरी पत्ता) या राउटरची सुरक्षा तपासण्यास (नाव) यांना (तारीख) रोजी (वेळ) ते (वेळ) या काळासाठी परवानगी देतो. पासवर्डची ताकद, डब्ल्यूपीएस आणि सेटिंग एवढंच तपासायचं आहे. जोडणी तोडणारा कोणताही प्रयोग करायचा नाही. इतर कुणाचे संदेश साठवायचे नाहीत. सापडलेलं फक्त मला सांगायचं. मिळालेल्या फाइली माझ्यासमोर पुसायच्या. मी फोन करून सांगितलं की काम लगेच थांबवायचं."

खाली दोघांची सही, दोन प्रती. नात्यात असला कागद मागायला संकोच वाटतो. मामा म्हणतात, "अगं, कागद कशाला, तू घरचीच आहेस." मी म्हणते, "मामा, कागद तुमच्यासाठी आहे. मी काय करणार नाही ते त्यात लिहिलंय." हे सांगितलं की माणसं सही करतात, आणि पहिल्यांदाच नीट वाचतात.

मालकाच्या सहीची एक मर्यादा मात्र ओळखा. वसतिगृहाचा किंवा पीजीचा मालक राउटर तपासायची परवानगी देऊ शकतो. तिथे राहणाऱ्या तीस मुलींचे संदेश बघायची परवानगी त्याच्याकडे नाहीच, तर तो ती तुम्हाला कशी देणार? एका मालकानं मला तेच विचारलं होतं, पोरी रात्री कुणाशी बोलतात ते कळेल का म्हणून. मी राउटर तिथेच ठेवून उठले. दवाखान्यात तर मी कामाच्या वेळी लॅपटॉप उघडतही नाही. तिथे कोणतं यंत्र वायफायवर आहे हे स्वागतकक्षातल्या माणसाला माहीत नसतं.

विमानतळावर, एसटी स्टँडवर, कॅफेत त्याच नावाचं खोटं वायफाय लावून "कोण फसतंय बघू" हा प्रयोग कधीच करू नका. त्यात फसणाऱ्या कुणाचीच परवानगी नसते. ऑस्ट्रेलियात विमानतळांवर आणि विमानात असं वायफाय लावल्याबद्दल २०२४ मध्ये पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, मग हा विषयच नको. पण याची गरज किती खरी आहे हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या कुलूप नसलेल्या वायफायवरून गेला होता. पोलीस त्या फ्लॅटच्या भाडेकरूच्या दारात पोचले. त्यानंतरचे आणखी दोन ईमेलही मुंबईतल्या दुसऱ्यांच्याच वायफायवरून गेले, माटुंग्याच्या एका कॉलेजातून, चेंबूरच्या एका ऑफिसातून. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यानं फिरत होते. वायफायचं कुलूप नीट लावून देणारा माणूस गल्लीत हवाच. पण गल्लीनं त्याच्यावर विश्वास ठेवावा असा हवा.

काही सापडलं तर

एखाद्या मॉडेलमध्येच दोष दिसला, म्हणजे फक्त तुमच्या राउटरमध्ये नाही, तर थांबा. त्याचा आणखी कुठे उपयोग होतो का हे दुसऱ्यांच्या राउटरवर बघू नका. तारीख, फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि काय केल्यावर काय झालं, हे लिहा, आधी कंपनीला कळवा, आणि भारतात सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेला. दोषांची माहिती घेणं हे त्यांचं कामच आहे. बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांना २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच खोट सापडली, म्हणजे जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये. त्यांनी जुलैत कंपन्यांना कळवायला सुरुवात केली आणि जाहीर केलं १६ ऑक्टोबरला. एवढी मोठी गोष्ट त्यांनी तीन महिने पोटात ठेवली, दुरुस्त्या तयार होईपर्यंत. मुलांना मी ही तारीख पाठ करायला लावते.

चूक तुमच्याकडून झाली तर त्याच दिवशी सांगा. नोंदी पुसू नका. कुणाचं काय नुकसान झालं हे शोधायला त्याच उपयोगी पडतात. शेजाऱ्यांचं नेट गेलं होतं आणि कारण तुम्ही होता, हे तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नसतं. म्हणूनच सांगायची जबाबदारी पूर्ण तुमची आहे.

विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर मी पालकांना बोलावून घेते, कागदावर त्यांचीही सही लागते. एकदा एक वडील शेतातून थेट आले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवायचं नाही, असंच ना?" असंच.

काम झालं की मी राउटरची पिन दाबून तो कोरा करते, फाइली पुसते, वहीत वेळ लिहिते आणि अ‍ॅडाप्टर काढून ठेवते. मग खाली उतरते. वहिनी दार उघडतात, त्यांना आता माहीत झालंय मी कशाला आले ते. "चार ते साडेचारमध्ये नेट गेलं होतं का हो?" मी विचारते. त्या आत मुलीला हाक मारून विचारतात, आणि तिचं उत्तर ऐकूनच मी वर येते.